मेंदूसाठी आहारसल्ला : करिअरची एक वेगळी वाट

‘ऊटा बल्लवनिगे रोगविल्ला, मातु बल्लवनिगे जगळविल्ला’ अशी एक कन्नड म्हण आहे. ज्याला जेवायचे कळते त्याला रोग नाही आणि ज्याला बोलायचे कळते त्याला भांडण नाही. या दोन्ही गोष्टी ज्याला जमतात, त्याने आहारसल्लागाराच्या व्यवसायाचा जरूर विचार करावा. त्यातही मेंदूच्या आरोग्याकडे लक्ष देणारा आहारतज्ज्ञ आपल्या भागात अजून फारसा परिचित नाही. बारावीनंतर डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, एवढीच दोन दारे ठोठावणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी या तिसऱ्या दाराची माहिती करून घ्यायला हवी.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. आपल्या देशात पोषणाच्या अभ्यासाची परंपराही जुनी आहे. १९१८ साली रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनाचे लहानसे केंद्र सुरू केले. सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळावरच राहणाऱ्यांना ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावी मज्जातंतूंचा हा विकार होतो. तेच केंद्र १९५८ साली हैदराबादला गेले आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखले जाते.

नेमके काम काय?

फिट्स औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या काही मुलांना मेंदूविकारतज्ज्ञ ‘कीटोजेनिक’ आहार सुचवतात. १९२१ पासून ज्ञात असलेल्या या आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अगदी थोडे असतात. प्रत्येक घास मोजून द्यावा लागतो, आणि ते गणित आहारतज्ज्ञ मांडतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांत प्रथिनांचे जेवण आणि लेव्होडोपाची गोळी एकाच वेळी घेतल्यास औषधाचा गुण कमी येतो; त्यांच्या जेवणाच्या वेळा बसवून द्याव्या लागतात. पक्षाघातानंतर गिळता न येणाऱ्या आजोबांना भाकरी कोणत्या रूपात द्यायची, हेही सुनेला कोणीतरी समजावून सांगावे लागते.

शाकाहारी घरांचा प्रश्न आणखी वेगळा. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून नैसर्गिकरीत्या मिळत नाही. शाकाहाऱ्यांना दूध-दह्याचाच आधार. त्याची कमतरता झाली, तर हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून घर सोडून देते. पण साध्या रक्ततपासणीत कारण सापडू शकते आणि वेळीच उपचार झाल्यास सुधारणाही होते. अशा रुग्णाला वेळेत डॉक्टरांकडे पाठवणे हे चांगल्या सल्लागाराचे मोठे काम आहे.

चमत्काराचा धंदा नव्हे

परीक्षा जवळ आल्या की स्मरणशक्तीच्या पावडरींच्या जाहिराती सुरू होतात. या क्षेत्रात येणाऱ्याने त्यांच्यापासून दूर राहावे. शिकागोच्या मार्था क्लेअर मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘माइंड’ आहार मांडला. पालेभाज्या, कडधान्ये, कवचफळे, बेरी, मासे यांवर त्याचा भर आहे. तो पाळणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळल्याचे निरीक्षण होते. पण २०२३ मध्ये ६०४ ज्येष्ठांवरील तीन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा हा आहार घेणारे आणि नेहमीचेच जेवण थोडे कमी घेणारे यांच्या स्मरण-आकलनात लक्षणीय फरक दिसला नाही. उलट आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर लक्ष असे सारे एकत्र केलेल्या फिनलंडमधील प्रयोगात (२०१५) लाभ दिसला. म्हणजे एकटे ताट पुरेसे नाही. हे रुग्णाला खरे सांगण्याचे धैर्य ज्याच्याकडे आहे, त्यानेच या वाटेला यावे.

शिक्षण कोठे?

बारावीला रसायन व जीवशास्त्र असलेले बरे. पुढे पोषणशास्त्रात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, मुंबईचे एसएनडीटी, बडोद्याचे सयाजीराव विद्यापीठ येथे या विषयाची जुनी परंपरा आहे. त्यानंतर रुग्णालयातील उमेदवारी आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी परीक्षा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पोषणतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. त्यामुळे तीन महिन्यांत ‘तज्ज्ञ’ बनवणाऱ्या वर्गांवर पालकांनी पैसे घालवू नयेत. सुरुवातीला मिळकत बेताची असते, हेही धरून चालावे.

आपल्या मुलांकडे मात्र एक भांडवल घरचेच आहे. जवस म्हणजे अगसी आणि कारळे म्हणजे गुरेळ्ळु हे त्यांना शिकवावे लागत नाही. पथ्याचा छापील कागद हाती ठेवण्याआधी आजीला ‘ऊटा आतेन्री?’ असे विचारणारा आणि तिच्या चुलीवर काय शिजते ते ऐकून घेणारा सल्लागार तिला आपला वाटेल. पथ्य पाळले जाते ते अशाच माणसाच्या शब्दाखातर.