वेळूची तलवार आणि पदकांचा मोह

केंडो या जपानी तलवारविद्येला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे, अशी सूचना अधूनमधून केली जाते. ज्यूदोला हा मान १९६४ साली तोक्योत मिळाला. कराटेलाही तो २०२१ मध्ये त्याच शहरी लाभला. मात्र पुढच्याच पॅरिस ऑलिंपिकमधून ते वगळले गेले. अखिल जपान केंडो महासंघाने या मोहापासून स्वतःला कटाक्षाने दूर ठेवले आहे. ही भूमिका वरकरणी सोवळेपणाची वाटेल. तथापि गावोगावच्या केंडो मंडळांत काय चालते हे ध्यानात घेतले, म्हणजे तिच्यातील शहाणपण उमगते.

सायंकाळी शाळेच्या व्यायामशाळेत वा पोलीस ठाण्याच्या दालनात गावातील माणसे जमतात. प्रथम जमीन पुसली जाते, मग डोळे मिटून काही क्षण शांत बसणे, नंतर परस्परांना वंदन. येथे वजनाचे गट नाहीत. शाळकरी मुलगा आणि सत्तरीचा वृद्ध समोरासमोर उभे राहतात आणि बहुधा वृद्धच सरस ठरतो. वेळूच्या चार कामट्या चामड्याने बांधून केलेल्या तलवारीने मस्तक, मनगट, कुशी किंवा कंठ यांवर प्रहार करावयाचा. परंतु नुसता स्पर्श पुरेसा नसतो. मन, शस्त्र आणि शरीर एकवटलेले असावे लागते आणि प्रहारानंतरही सावधपण ढळता कामा नये. तीन पंचांपैकी दोघांनी निशाण उंचावले तरच गुण मिळतो. तो मिळाल्यावर खेळाडूने हर्षाचे प्रदर्शन केले, तर दिलेला गुणही काढून घेतला जाऊ शकतो. सर्वोच्च अशा आठव्या श्रेणीच्या परीक्षेस वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापूर्वी बसता येत नाही आणि तीत शंभरांत एखादाच उत्तीर्ण होतो. तारुण्यातील चार वर्षांच्या पदकचक्रात ही साधना बसावी कशी?

अर्थात या शिस्तीचे भाबडे कौतुकही नको. सामुराईंना तलवार बाळगण्यास १८७६ मध्ये बंदी झाली. त्याआधीच, १८७३ मध्ये, साकाकिबारा केनकिची या तलवारबहाद्दराला तिकिटे लावून लढतींचे खेळ करावे लागले होते. पुढे पोलीस खाते आणि शाळा यांनी या विद्येला आश्रय दिला; परंतु १९३० नंतरच्या लष्करशाहीने तिला युद्धज्वराच्या दावणीला बांधले. परिणामी पराभवानंतर शाळांतून केंडोचे उच्चाटन झाले आणि १८९५ पासूनची ‘बुतोकुकाई’ ही संस्था १९४६ मध्ये विसर्जित झाली. आजचा महासंघ १९५२ चा. तलवारीच्या तत्त्वांद्वारे माणसाचे शील घडविणे, हे आपले ध्येय त्याने १९७५ मध्ये शब्दबद्ध केले. शिस्त हा स्वयंभू सद्गुण नव्हे. ती कोणाच्या चाकरीला आहे यावर तिचे मोल ठरते, हा धडा या इतिहासात आहे. एकदा बाजाराने आणि एकदा राज्यसत्तेने ही विद्या राबविली. आज ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मंडळात नांदते आहे, हेच तिचे खरे संरक्षण होय.

यावर आक्षेप असा की, ऑलिंपिकवाचून पैसा नाही, प्रसिद्धी नाही आणि जपानमध्ये तर मुलांची संख्याच घटत आहे. मंडळे ओस पडल्यावर शील कोणाचे घडविणार? ही चिंता अनाठायी नाही. परंतु केंडो स्पर्धेच्या विरोधात नाही. त्याच्या जागतिक स्पर्धा १९७० पासून होत आहेत. प्रश्न आहे तो प्रेक्षकांसाठी खेळाचे अंतरंग बदलण्याचा. १९६४ च्या ज्यूदो स्पर्धेत नेदरलँड्सच्या अँटन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला नमविले, तेव्हा जल्लोष करीत धावून येणाऱ्या देशबांधवांना त्याने हात उंचावून थोपविले. तो संयम त्याला ऑलिंपिकने दिला नव्हता. तो तालमीतून घेऊनच तो तेथे आला होता. असा संयम जेथे घडतो ती जागा आधी राखली पाहिजे. पदके मागाहून मिळाली नाहीत, तरी फारसे बिघडत नाही.