खेळपट्टी व चेंडू

खेळपट्टी व चेंडू : क्रिकेटच्या खेळात गोलंदाजाने टाकलेला चेंडू बहुधा फलंदाजापर्यंत पोहोचण्यापूर्वी एकदा जमिनीवर पडतो. या टप्प्यानंतर चेंडूची उसळी, वेग व दिशा यांत होणारा बदल हा गोलंदाजाचे कौशल्य, चेंडूची अवस्था व खेळपट्टीची स्थिती या तिहींवर अवलंबून असतो. यांपैकी पहिल्या दोन बाबी प्रेक्षकाच्या सहज लक्षात येतात. तिसरी मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते. प्रत्यक्षात एकाच गोलंदाजाने एकाच पद्धतीने टाकलेला चेंडू एका मैदानावर छातीपर्यंत उसळतो, तर दुसऱ्या मैदानावर गुडघ्याखालीच राहतो. या फरकाचे मूळ मातीच्या घटकांत, तिच्यातील ओलाव्यात, गवतात व झिजेत असते.

खेळपट्टीची लांबी दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमध्ये २०·१२ मी. (२२ यार्ड) व रुंदी ३·०५ मी. (१० फुट) असते. चेंडूचा गाभा बुचाचा असून त्यावर दोरा घट्ट गुंडाळलेला असतो व वरचे वेष्टण चामड्याचे असते. पुरुषांच्या सामन्यांतील नव्या चेंडूचे वजन सु. १५६ ते १६३ ग्रॅ. व परीघ सु. २२·४ ते २२·९ सेंमी. असतो. चामड्याच्या दोन अर्धगोलांना जोडणारी शिवण किंचित उंचावलेली असते. टप्पा पडताना चेंडूचा गुळगुळीत भाग जमिनीला लागतो की शिवण लागते, यावर त्याचे पुढील वर्तन बऱ्याच अंशी ठरते.

टप्प्याची यामिकी : टप्पा पडण्याच्या क्षणी चेंडूच्या वेगाचे उभा व आडवा असे दोन घटक कल्पिता येतात. उभ्या घटकाचा किती भाग परत मिळतो, यावर उसळी अवलंबून असते. घट्ट दाबलेली, कोरडी व टणक जमीन फारशी दबत नाही आणि चेंडूची ऊर्जाही फारशी शोषून घेत नाही; त्यामुळे चेंडू चांगला उसळतो. भुसभुशीत किंवा ओलसर जमीन दबते व उसळी कमी होते. आडव्या घटकावर घर्षणाचा परिणाम होतो. चेंडू जमिनीवरून सरकताना घर्षण त्याला मागे ओढते व त्याचा वेग घटतो. ज्या खेळपट्टीवर ही घट कमी असते तिला वेगवान व जीवर ती जास्त असते तिला संथ खेळपट्टी म्हणतात. जमीन फारच मऊ असेल, तर चेंडूने पाडलेल्या खळग्याची पुढील कड त्याला अडवून वर ढकलते. अशा वेळी चेंडू क्षणभर अडखळल्यासारखा वाटतो व नंतर अनपेक्षितपणे उंच उडतो.

फिरकी गोलंदाजीत चेंडूचे वळण घर्षणामुळेच शक्य होते. प्रवासाच्या दिशेला समांतर अशा अक्षाभोवती फिरणारा चेंडू जमिनीला टेकला म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग पुढे तसाच बाजूलाही घासतो. घर्षण या घासण्याच्या विरुद्ध दिशेला लागू होत असल्याने चेंडू बाजूला वळतो. चेंडूची त्रिज्या सु. ३·६ सेंमी. धरल्यास, सेकंदाला ३० फेरे घेणाऱ्या चेंडूचा पृष्ठभाग बाजूच्या दिशेने ताशी सु. २४ किमी. वेगाने घासतो. चेंडूचा पुढे जाण्याचा वेग ताशी ८० किमी. असेल, तर बाजूचा वेग त्याच्या तीनदशांश भरतो. पुढचा वेग वाढला की हे प्रमाण घटते. संथ गतीचा फिरकी गोलंदाज चेंडू अधिक वळवू शकतो, याचे हे एक कारण होय. तथापि कितीही फिरक दिली, तरी खेळपट्टी निसरडी व गुळगुळीत असल्यास पुरेसे घर्षण मिळत नाही आणि चेंडू जवळजवळ सरळच जातो.

माती व तिची मशागत : खेळपट्टीच्या मातीत चिकणमातीचे प्रमाण पुरेसे असावे लागते, त्याशिवाय ती रुळाखाली घट्ट बसत नाही. महाराष्ट्रात या दृष्टीने काळी व तांबडी असे मातीचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे विपुल असतात. ती पाणी शोषून फुगतात व सुकताना आकसतात. म्हणून काळ्या मातीची खेळपट्टी पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, चांगली बांधली जाते, परंतु सुकल्यावर तिला भेगा पडतात. तिच्यावर चेंडू सामान्यतः संथ येतो व सामना पुढे सरकतो तसा अधिकाधिक खाली राहू लागतो. तांबड्या मातीतील केओलिनाइट हे खनिज फारसे फुगत नाही. या मातीतून पाण्याचा निचरा लवकर होतो, ती टणक होते व चेंडूला अधिक उसळी देते. मात्र तिचा वरचा थर लवकर सुटून त्याची भुकटी होते आणि मग फिरकी गोलंदाजांना साहाय्य मिळते.

खेळपट्टी तयार करण्याचे मुख्य साधन म्हणजे रूळ. माती फार ओली असताना रूळ फिरवल्यास ती त्याच्यापुढे सरकते. फार कोरडी असल्यास दबतच नाही. या दोहोंमधील योग्य ओलावा ओळखणे हे अनुभवाचे काम आहे. गवताची मुळे मातीला बांधून ठेवतात व खोलवरचे पाणी वर ओढून पट्टी खालपर्यंत सुकविण्यास मदत करतात. पृष्ठभागावर राखलेले हिरवे गवत व थोडा ओलावा यांमुळे शिवणीवर पडलेला चेंडू अचानक आत किंवा बाहेर सरकतो. हे जलदगती गोलंदाजांना अनुकूल ठरते, कारण त्यांच्या चेंडूचा टप्पा पडल्यानंतर फलंदाजाला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग मिळतो.

सामन्यातील झीज : खेळपट्टी ही स्थिर वस्तू नसून प्रत्येक चेंडूगणिक ती बदलत असते. गोलंदाजांच्या बुटांनी टप्प्याच्या जागा खरवडल्या जातात, भेगा रुंदावतात, कडा ढासळतात. टेनपिन बोलिंग या बंदिस्त जागेतील खेळात अशाच स्वरूपाचा प्रश्न आढळतो. तेथे फाऊल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतच्या १८·२९ मी. (६० फुट) मार्गाच्या बऱ्याच भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तेलावर गोळा घसरत जातो व कोरड्या भागात पोहोचल्यावर त्याची फिरक पकड घेते आणि तो वळतो. खेळ चालू असताना गोळ्यांबरोबर तेल पुसले जाते व पुढे वाहून नेले जाते; त्यामुळे आधीच्या खेळीत अचूक ठरलेली फेक नंतर चुकू लागते. दोन्ही खेळांत आधीचा चेंडू वा गोळा पुढच्याचा मार्ग बदलतो. क्रिकेटमध्ये तर हा बदल पाच दिवस चालू राहू शकतो.

महाराष्ट्रातील काही सामने : मुंबईच्या वानखेडे स्टेडियमची तांबड्या मातीची खेळपट्टी उसळीसाठी प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये येथे भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सामना तिसऱ्या दिवशीच संपला. भारताने १०४ व २०५, तर ऑस्ट्रेलियाने २०३ व ९३ धावा केल्या आणि भारत १३ धावांनी विजयी झाला. डिसेंबर २०२१ मध्ये याच मैदानावर मुंबईत जन्मलेला न्यूझीलंडचा गोलंदाज एजाझ पटेल याने ११९ धावांत भारताचे दहाही गडी बाद केले. जिम लेकर (१९५६) व अनिल कुंबळे (१९९९) यांच्यानंतर कसोटी सामन्याच्या एका डावात असा पराक्रम करणारा तो तिसरा गोलंदाज होय. त्याच डावात मयंक अगरवालने १५० धावा काढल्या. खेळपट्टी गोलंदाजाला साहाय्य करते, पण निकाल ठरवून देत नाही, हे यावरून दिसते.

पुण्याजवळील गहुंजे येथील फेब्रुवारी २०१७ चा सामना याहून बोधप्रद ठरतो. तेथील अतिशय कोरड्या खेळपट्टीवर भारताचे डाव १०५ व १०७ धावांत आटोपले व ऑस्ट्रेलियाने ३३३ धावांनी विजय मिळविला. स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत ६ बळी घेतले. शिवणीवर पडलेला चेंडू झपाट्याने वळे, तर चामड्याच्या गुळगुळीत भागावर पडलेला सरळ आत घुसे. वळण गृहीत धरून खेळणारे फलंदाज सरळ चेंडूंवरही बाद झाले. सामनाधिकाऱ्याने ही खेळपट्टी निकृष्ट ठरविली. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच मैदानावरील काळ्या मातीच्या पट्टीवर न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले व भारत पुन्हा पराभूत झाला. फिरकीला अनुकूल पट्टी यजमानांनाच लाभदायक ठरते, या समजाला या दोन सामन्यांनी धक्का दिला.

ओली खेळपट्टी : पावसानंतर उन्हाने सुकू लागलेल्या पट्टीचा वरचा थर मऊ व खालचा टणक असतो. तिच्यावर चेंडू चिकटल्यासारखा थांबतो, तीव्रपणे वळतो व कमी-जास्त उसळतो. खेळपट्टी झाकण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वी अशा पट्ट्या सर्वत्र आढळत. इंग्लंडच्या परगणा स्पर्धेत पूर्ण आच्छादन १९८१ पासून आले. मुंबईत मात्र १९४८ साली सुरू झालेली कांगा साखळी स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यासाठी योजण्यात आली. ओलसर पट्टीवर चेंडू अखेरपर्यंत पाहून, शरीराजवळ व मऊ हाताने खेळण्याची सवय मुंबईच्या अनेक फलंदाजांना या स्पर्धेने लावली.

कोकणातील जमीन : रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. या पावसाने चिकणमातीतील विद्राव्य घटक धुऊन जातात व लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरून जांभा तयार होतो. मुंबई–गोवा महामार्गावरील पाली (ता. रत्नागिरी) व आसपासच्या गावांतील जमीन या प्रकारची आहे. सड्यावर मातीचा थर पातळ असून मधूनमधून कातळ उघडा पडलेला असतो. जांभ्याची माती सच्छिद्र व खडेयुक्त असल्याने ती रुळाखाली एकसंध बसत नाही. तिच्यावर चामड्याचा चेंडू खड्यांमुळे वेडावाकडा उसळतो व लवकर खरवडला जातो. यावर चटई अंथरणे हा एक उपाय होय. चटईच्या जाड विणीत चेंडू पकड घेतो व वळण वाढते. १९५२ साली लखनौ येथे तागाच्या चटईवर खेळल्या गेलेल्या कसोटी सामन्यात पाकिस्तानच्या फजल महमूदने भारताचे १२ गडी ९४ धावांत बाद केले होते.

टेनिसचा चेंडू हा दुसरा उपाय होय. तो पोकळ व सु. ५८ ग्रॅ. वजनाचा असतो. आपटल्यावर जमिनीऐवजी तो स्वतःच दबतो व पूर्ववत होतो. त्यामुळे जमिनीच्या टणकपणातील फरकाचा त्याच्या उसळीवर कमी परिणाम होतो. भातकापणीनंतरच्या मळ्यांवर व सड्यांवर हा चेंडू सोयीचा ठरतो. मात्र त्याला शिवणीची धार नसल्याने या खेळात तयार झालेल्या गोलंदाजाला चामड्याचा चेंडू व बांधीव खेळपट्टी यांचे तंत्र नव्याने शिकावे लागते. बांधीव खेळपट्टीसाठी चिकणमाती बाहेरून आणावी लागत असल्याने सरावाची साधने सर्वांना सारखी मिळत नाहीत.

खेळपट्टीचे ज्ञान : भारतातील आरंभीचे श्रेष्ठ फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू (मृ. १९५५) यांची कारकीर्द या संदर्भात लक्षणीय आहे. पालवणकर हे आडनाव कोकणातील गावावरून आलेले असून ते चर्मकार समाजातील होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यातील पारशी मंडळींच्या क्लबात आणि नंतर यूरोपियनांच्या पूना क्लबात ते खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरवणे, जाळी उभारणे अशी कामे करीत व सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करीत. कोणत्या पट्टीवर चेंडू किती वळेल याचा अभ्यास त्यांनी असा हाताने केला होता. पुढे ते हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज झाले, तरी पुण्यात मध्यंतरात त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात व इतरांपासून दूर दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात तेथील अपरिचित खेळपट्ट्यांवर त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद प्रत्येक सामन्यानंतर खेळपट्टीचे मूल्यमापन करते व २०१८ पासून सदोष पट्टीसाठी संबंधित मैदानास दोषगुण देते. चांगल्या खेळपट्टीवर आरंभी जलदगती गोलंदाजांना, नंतर फलंदाजांना व अखेरीस फिरकी गोलंदाजांना वाव मिळावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. नैसर्गिक गवतात कृत्रिम तंतू विणून झीज कमी करणाऱ्या संमिश्र खेळपट्ट्याही वापरात येत असून भारतात अशी पट्टी धरमशाला येथे २०२४ मध्ये बसविण्यात आली. तथापि मातीतील ओलावा ओळखून रूळ केव्हा फिरवावा व केव्हा थांबवावा, हे मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्यालाच ठरवावे लागते.