यंत्राचे आयुष्य आणि दुरुस्तीची पुस्तिका



यंत्र म्हातारे केव्हा होते? लोखंड गंजले म्हणजे, असे आपण सहज म्हणतो. माझ्या मते, ते दुरुस्त कसे करावे हे सांगणारा कोणी उरला नाही म्हणजे यंत्र म्हातारे झाले. एक उदाहरण अमेरिकेतले घेऊ.

न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ च्या सुमारास ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा, विजेवर चालणारा बागेचा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याने गवत कापावे, हिवाळ्यात बर्फ दूर सारावे. त्याच्या बहुतेक नमुन्यांत सहा व्होल्टांच्या सहा बॅटऱ्या एकीला एक जोडून ३६ व्होल्टांचा दाब मिळत असे. पुढे हा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे गेला, आणि उत्पादन थांबूनही आता कित्येक दशके लोटली. तरी हौशी लोक ही यंत्रे अजून चालवतात. त्यांना हवी असते ती दुरुस्तीची पुस्तिका.

अशी पुस्तिका करणे म्हणजे जुने कागद छापून देणे नव्हे. तारा कोठून कोठे जातात याचा नकाशा हे तिचे हृदय. नमुना बदलला की तारांची जोडणीही बदलते. म्हणून पुस्तिका कोणत्या नमुन्याची आहे हे पहिल्याच पानावर असावे लागते. मग दोष शोधण्याचा क्रम येतो. ट्रॅक्टर हलत नसेल तर मोटर उघडू नये. प्रथम प्रत्येक बॅटरीचा दाब मोजावा, नंतर जोडण्या साफ कराव्यात, मग स्विच तपासावेत. मोटरीची पाळी शेवटी.

येथे चूक महागात पडते. ज्या मोटरीत चुंबकक्षेत्राचे वेटोळे वेगळे जोडलेले असते, तिच्यावर भार नसताना त्या वेटोळ्याची तार तुटली, तर मोटर थांबण्याऐवजी बेफाम वेगाने फिरू शकते. नकाशातली एक रेघ चुकली, तर हा धोका छापील अक्षरांच्या अधिकाराने वाचणाऱ्याच्या घरी पोचतो. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ ठिणगी नको. आणि पाना चालवण्यापूर्वी हातातली अंगठी काढावी, कारण ती दोन टोकांना टेकली तर क्षणात लाल होते. अशा सूचना शेवटच्या पानावर नव्हे, त्या त्या कामाच्या आधी द्याव्यात.

आता विक्रीचा प्रश्न. जुनी पुस्तिका छापून विकावी काय? अमेरिकेत १९७७ पर्यंत स्वामित्वाच्या सूचनेशिवाय प्रसिद्ध झालेले साहित्य सामान्यतः सर्वांचे झाले. परंतु १९७० साली रीतसर सूचनेसह छापलेल्या पुस्तिकेवरील हक्क २०६५ अखेरपर्यंत टिकतो. मात्र कायदा मजकुराचे व चित्रांचे रक्षण करतो, यंत्र कसे चालते या ज्ञानाचे नव्हे. म्हणून स्वतः यंत्र उघडून, मोजून, आपल्या शब्दांत लिहिणारा मनुष्य निःशंकपणे पुस्तिका विकू शकतो.

गिऱ्हाईक थोडे, म्हणून छपाईही मागणीपुरती करावी. बांधणी अशी असावी की पुस्तक कामाच्या टेबलावर उघडे राहील. आणि प्रत्येक प्रतीत एक कोरे पान असावे. दुरुस्ती करणाऱ्याला जी चूक सापडेल ती त्याने तेथे टिपून कर्त्याला कळवावी. कर्त्याने ती पुढच्या आवृत्तीत सुधारावी, आणि आधीच्या गिऱ्हाइकांनाही कळवावी. किंमत घेणाऱ्याचे हे कर्तव्यच आहे.