चंद्रमंडळाचे ड्रुइड : रूपांतराला नाव देताना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. चारपाच जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट रचतात आणि जिथे अडेल तिथे फासे टाकतात, असे त्याचे स्वरूप. १९७६च्या एका पुरवणीत त्यात ड्रुइड हे खेळता येणारे पात्र आले. पशुपक्ष्यांची रूपे घेणारा हा वनपुरोहित मला अभ्यासाला घ्यावासा वाटला, तो त्याच्या नावांमुळे.

मूळचे ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक समाजातले पुरोहित. या शब्दाच्या उत्तरार्धात भाषाशास्त्रज्ञ 'जाणणे' हा धातू पाहतात, म्हणजे आपल्या 'विद्'चा भाऊबंद. पूर्वार्धाचे नाते अनेकजण 'द्रुम'मधल्या 'द्रु'शी लावतात. सीझर सांगतो की त्यांचे अध्ययन काहींच्या बाबतीत वीस वर्षे चाले आणि विद्या लिहून ठेवणे त्यांना अयोग्य वाटे. प्लिनीच्या वर्णनात ते चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी ओकवरचे बांडगूळ सोन्याच्या कोयत्याने कापतात. प्राणी होण्याची गोष्ट मात्र हे दोघेही करत नाहीत. पोम्पोनियस मेला ती करतो, पण सेना बेटावरच्या नऊ कुमारी पुजारिणींबद्दल. त्यांना तो ड्रुइड म्हणत नाही. पुढे आयरिश कथांत ड्रुइड इतरांना हरीण करून टाकताना दिसतात. खेळाने हे विखुरलेले धागे एका पात्रात गुंफले.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत ड्रुइडांच्या दोन शाखा होत्या : 'सर्कल ऑफ द लँड' आणि 'सर्कल ऑफ द मून'. पहिली मंत्रांची, दुसरी रूपांतराची. चंद्रशाखेचा ड्रुइड इतरांपेक्षा बलाढ्य पशू होतो. त्या आवृत्तीत तर पुढे तो अग्नी, जल, वायू, पृथ्वी यांची रूपे घेत असे. मग नावात पशू का नाही? मला वाटते, चंद्र इथे नेमका बसतो. कला बदलतात, चंद्र तोच राहतो. नियमही तेच सांगतो : देह अस्वलाचा, बुद्धी आणि विवेक ड्रुइडाचा. २०२०मध्ये समाविष्ट झालेली ताऱ्यांची शाखा याच वाटेने पुढे गेली. तिथे ड्रुइड पशू न होता धनुर्धर, चषक किंवा ड्रॅगन यांच्या नक्षत्राकृती अंगावर झळकवतो.

'सर्कल'साठी मराठीला शोधाशोध करावी लागत नाही. वर्तुळ आणि संघटना हे दोन्ही अर्थ 'मंडळ' या शब्दात आहेत. 'चंद्रमंडळ' म्हटले की चंद्रबिंबही आले आणि भजनी मंडळासारखा जमावही. खरी अडचण रूप बदलणाऱ्याला काय म्हणावे, ही आहे. 'बहुरूपी' म्हटले की सोंग आले आणि सोंग उतरवता येते. 'मायावी' म्हटले की मारीच आठवतो, म्हणजे फसवणूक. 'कामरूपी' हा शब्द रामायणात वानर आणि राक्षस दोघांनाही लागतो. तो फक्त इच्छेने रूप घेण्याचे सामर्थ्य सांगतो, हेतूबद्दल मौन पाळतो. ड्रुइडाला तो शोभतो.

नाव म्हणजे नुसती पाटी नव्हे. बहुरूपी म्हणून खेळणारा लांडग्याचे कातडे पांघरेल; कामरूपी म्हणून खेळणारा लांडगा होऊन विचार करील. नियम दोघांना एकच, पण टेबलावर घडणाऱ्या गोष्टी दोन.