कमी झोपूनही ताजातवाना?

‘रात्रभर मोबाईल, मग सकाळी उठणार कसा!’ वसईच्या माणिकपुरात अकरावी-बारावीचं मूल असलेल्या घरात हे वाक्य ठरलेलंच. मोबाईलचा दोष आहेच, पण सगळा नाही. वयात येताना झोपेची वेळच पुढे सरकते. रात्रीची सूचना देणारं मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा वाढू लागतं. या वयाला 8 ते 10 तास झोप हवी. वसई रोडहून पहाटेची लोकल धरणाऱ्याला ती मिळणार कुठून? सकाळी 9 च्या आत वर्ग नकोत, असं राज्य सरकारने 2024 मध्ये सांगितलं, तेही चौथीपर्यंतच्यांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर सरकतं, ती मुलं राहिली बाजूला.

दुसरं टोक म्हणजे जागणाऱ्या, चिडणाऱ्या पोराला लगेच ‘बायपोलर’ म्हणणं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आयुष्यात कधीतरी हा आजार झालेले प्रौढ साधारण दोनशेत एक. मात्र तो बहुधा विशीच्या आगेमागेच डोकं वर काढतो, म्हणून फरक कळायला हवा.

झोप न झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी पेंगतो. बायपोलरमधल्या उन्मादाच्या काळात मात्र दोन-तीन तास झोपूनही मुलगा टवटवीत असतो. बोलणं थांबत नाही, पैसे उडतात, बेत आभाळाएवढे होतात. किंवा नुसती चिडचिड वाढते. सुरुवातीला घरचे खूश असतात, ‘अखेर अभ्यासाला लागला!’ मग प्रकरण हाताबाहेर गेलं की ‘बाहेरचं’ शोधायला निघतात. मधले मोलाचे दिवस वाया जातात.

झोप उडणं हे या आजाराचं लक्षण आणि ठिणगीही. ज्याला तो आहे, त्याला परीक्षेचं जागरण, हळदीची रात्र किंवा नाईट शिफ्ट उन्मादाकडे ढकलू शकते. म्हणून रोज ठरल्या वेळी उठणं हा उपचाराचाच भाग.

‘झोपेची गोळी घेतली की झालं’ हेही खोटं. आणि नुसती नैराश्याची गोळी तर काहींना थेट उन्मादात नेते; तेव्हा उदास मुलाला दाखवताना आधीचे ‘फार उत्साहाचे’ दिवसही डॉक्टरांना सांगावेत. लिथियम या औषधाचा उन्मादावरचा गुण ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 मध्ये मांडला. आजही ते रक्तातली पातळी तपासत दिलं जातं. बरं वाटलं म्हणून ते परस्पर बंद करू नये.

कुठे जावं सुचत नसेल, तर टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून नेल्या, तर डॉक्टरांचं काम बरंच सोपं होतं.