सोसायटीचं बिल, एक सूत्र आणि एक लूप

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या कितीतरी सोसायट्यांत मेंटेनन्सची बिलं आजही एखादे निवृत्त सभासदच काढतात. रजिस्टर गेलं, एक्सेल आलं. पण पुष्कळ ठिकाणी हिशोब कॅल्क्युलेटरवर होतो आणि एक्सेलमध्ये फक्त उत्तर टाइप केलं जातं. सूत्र शिकायचं असेल तर या बिलाइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्यातला प्रत्येक नियम उपविधींत लिहिलेला आहे.

बी कॉलममध्ये सेवाशुल्क, सीमध्ये सिंकिंग फंड, डीमध्ये दुरुस्ती निधी धरा. ई२ या सेलमध्ये =सम(बी२:डी२) लिहा (टाइप करताना अक्षरं अर्थातच इंग्रजी) आणि सेलचा कोपरा पकडून खाली ओढा. तिसऱ्या ओळीत तेच सूत्र आपोआप बी३:डी३ होतं. चाळीस सदनिकांची बेरीज एकदाच लिहून झाली.

काही आकडे मात्र ओळीबरोबर सरकता कामा नयेत. थकबाकीच्या व्याजाचा दर एच१मध्ये ठेवला असेल, तर सूत्रात तो $एच$१ असा लिहायचा. डॉलरच्या खुणेमुळे तो सेल जागचा हलत नाही. दर सूत्राच्या पोटात लिहू नका, हा माझा आग्रहच आहे. जानेवारी २०१८मध्ये मेंटेनन्सवरच्या जीएसटीची मर्यादा दरमहा ५,००० रुपयांवरून ७,५०० झाली. ज्यांनी ५,००० हा आकडा वेगळ्या सेलमध्ये ठेवला होता, त्यांना तो एकाच जागी बदलावा लागला; सूत्रात लिहिणाऱ्यांना प्रत्येक ओळ.

अटींसाठी ‘इफ’ आहे. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, नसेल तर शून्य, एवढंच वाक्य ‘इफ’मध्ये बसतं.

प्रोग्रॅमिंगमधला लूप म्हणजे हेच ओढणं, पण शब्दांत लिहिलेलं. पायथनमध्ये ‘फॉर’ने सुरू होणारी ओळ सांगते, ‘यादीतली प्रत्येक सदनिका घे’. तिच्याखाली थोड्या आत सरकवलेल्या ओळी प्रत्येक सदनिकेसाठी एकेकदा चालतात. सोसायटीची एकूण रक्कम हवी असेल, तर ‘एकूण = ०’ ही ओळ लूपच्या वर हवी. ती आत गेली तर प्रत्येक फेरीत बेरीज पुसली जाते आणि शेवटी हातात उरतो तो फक्त शेवटचा फ्लॅट.

याहून महाग चूक थकबाकीत होते, आणि ती एक्सेलमध्येही तशीच होते. २०१४च्या आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के व्याज लावता येतं, तेही सरळव्याज. पण आपण मागच्या महिन्याची अखेरची बाकी घेतो, तिच्यावर व्याज काढतो, ते बाकीत मिळवतो आणि सूत्र पुढे ओढतो. त्या बाकीत आधीचं व्याज मिसळलेलं असतं, म्हणून नकळत चक्रवाढ सुरू होते. दहा हजारांच्या थकबाकीवर वर्षाचं व्याज २,१०० रुपये व्हायला हवं. असं ओढलं की ते सुमारे २,३१४ होतं. संगणक चुकलेला नसतो, त्याने सांगितलं तेच केलेलं असतं. उपाय सोपा आहे: मुद्दल आणि व्याज यांचे दोन वेगळे कॉलम, किंवा लूपमध्ये दोन वेगळी नावं, आणि व्याज फक्त मुद्दलावर.

हे शिकायला महागडा क्लास लागत नाही. पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिब्रेऑफिस कॅल्कचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत, आणि कॅल्कही मोफतच मिळतं. तिथली सूत्रं जवळजवळ एक्सेलसारखीच चालतात.

तुम्ही सोसायटीचे खजिनदार असाल, तर या महिन्याची बिलं वाटण्याआधी एका थकबाकीदार फ्लॅटचं व्याज कागदावर काढा आणि शीटशी ताडून पाहा. शीटमधलं व्याज जास्त निघालं, तर सूत्र दुरुस्त करा आणि जादा घेतलेली रक्कम पुढच्या बिलात वजा करून द्या.