पायाची वाटी आणि ठणकणारा अंगठा

रमजानच्या रात्री जुन्या नाशकात चौक मंडई, दूध बाजाराकडे वळलं की पाया, कलेजीचा वास पाय धरतो. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांचा अंगठा मात्र याच दिवसांत मध्यरात्री लाल होऊन ठणकतो. चादरही सोसवत नाही. हाच गाऊट.

सगळे दोष मटणाला देतात. तो निम्माच खरा. दिवसभर पाणी नसल्याने युरिक अ‍ॅसिड रक्तात दाटतं, त्यावर इफ्तारला गोड सरबताचे दोन ग्लास! साखरेतलं फ्रुक्टोज ते आणखी वाढवतं. आपल्या द्राक्षांचा लहानसा घड चालेल, ग्लासभर रस नको.

डाळ आणि पालकावर उगाच राग आहे. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांची १२ वर्षं पाहणी झाली. २००४ मध्ये निष्कर्ष आले: मांस-मासळीने गाऊट वाढतो, डाळी-भाज्यांनी नाही; दूध-दही खाणाऱ्यांत तो कमीच. म्हणजे सहरीला दही, डाळ-भात बिनधास्त खा. इफ्तार ते सहरी घोट घोट पाणी प्या. गोळी बंद करू नका, वेळ डॉक्टरांना विचारा.

आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआनातच आहे. घरातल्या बुजुर्गांना हे पटवणं मात्र पाया सोडवण्यापेक्षा अवघड.